शाळेत कॉम्प्युटर आला, पुढे काय?

जून महिना जवळ आला की आपल्या वस्त्यांमध्ये एकच चर्चा सुरू होते. पोराला कोणत्या शाळेत घालायचे? पेण शहराला लागून असलेल्या रामवाडीत एस.टी.च्या रायगड विभागाचे कार्यालय आहे. या भागात नोकरदार माणूस आहे, तसाच गवंड्याच्या हाताखाली जाणारा, मूर्तींच्या कारखान्यात हंगामापुरते काम करणारा आणि चार घरची धुणीभांडी करून संसार रेटणारी आईही आहे. रामवाडी असो नाही तर रोह्याकडची एखादी वाडी असो, शाळेच्या दारात उभे राहिल्यावर या आईबापांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : शाळेत कॉम्प्युटर आहे का?

हा प्रश्न चुकीचा म्हणता येणार नाही. ज्यांच्या मागच्या पिढ्यांना पाटी-पेन्सिलसुद्धा मिळू दिली नाही, त्यांना आपले मूल नव्या विद्येत मागे राहू नये असे वाटणारच. पण हा प्रश्न अर्धा आहे. उरलेला अर्धा प्रश्न आपण विचारत नाही. तो असा : त्या कॉम्प्युटरवर माझे मूल स्वतः काय करते?

कपाटात कुलूपबंद असलेला कॉम्प्युटर, भिंतीवर नुसता टांगलेला मोठा पडदा आणि लाइटचे बिल थकल्यामुळे बंद पडलेली 'डिजिटल शाळा' महाराष्ट्रात अनेक ठिकाणी पाहायला मिळते. उलट, एकही यंत्र नसलेल्या शाळेत मुले काडेपेटीच्या काड्यांतून भूमिती शिकताना दिसतात. म्हणून प्राथमिक शाळेतील उपक्रम, प्रकल्प, तंत्रज्ञान या सगळ्याकडे आपण पालकांनी कसे पाहावे, याचा थोडा विस्ताराने विचार करू.

शंभरातले अठरा

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अंदाजपत्रकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक हिशोब मांडला होता. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर १०० मुलांपैकी चौथीपर्यंत पोहोचतात फक्त १८. उरलेली ८२ मुले मधेच गळतात आणि पुन्हा निरक्षर होतात. शाळेत आलेले प्रत्येक मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडावे, हाच प्राथमिक शिक्षणाचा हेतू असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि अबकारी करापोटी त्याच जनतेकडून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हेही त्यांनी त्याच भाषणात दाखवून दिले. या भाषणानंतर आठवडाभरातच, १९ आणि २० मार्चला, तेव्हाच्या कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात महाड येथे परिषद भरली आणि चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले गेले. पाण्याचा हक्क आणि शाळेचा हक्क ही एकाच लढ्याची दोन अंगे होती, हे या तारखाच सांगतात.

त्याच्याही ४५ वर्षे आधी, १८८२ साली, महात्मा जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शाळेचा शिक्षक कसा असावा? तर शेतकरी वर्गातून आलेला, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला न लाजणारा. मुलांना वाचन, लेखन आणि हिशोबाबरोबर शेतीचे आणि आरोग्याचे ज्ञान मिळावे, असेही त्यांनी सांगितले. आज आपण ज्याला 'कृतीतून शिक्षण' म्हणतो, त्याची मागणी जोतीरावांनी तेव्हाच केली होती.

आज मुले शाळेत टिकतात. चौथीपर्यंत तर बहुतेक जातातच. पण वर्गात बसलेले मूल आणि शिकणारे मूल यांत अंतर असते. ज्या मुलाला शाळा आपली वाटत नाही, ज्याला फळ्यावरचे उतरवून घेण्यापलीकडे काही काम नाही, ते मूल हजेरीपटावर असते. मनाने मात्र केव्हाच गळालेले असते. उपक्रम आणि प्रकल्प यांचे खरे मोल इथे आहे. मुलाच्या हाताला काम मिळाले की त्याचे डोके आपोआप कामाला लागते.

आपल्याच जिल्ह्यातील खैराट

तंत्रज्ञान थेट मुलाच्या हातात देण्याचा भारतातील एक मोठा प्रयोग आपल्याच रायगड जिल्ह्यात झाला, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. अमेरिकेतील प्राध्यापक निकोलस निग्रोपोंटे यांनी 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' अशी चळवळ सुरू केली होती. १०० डॉलरमध्ये मिळेल असा, लहान मुलांसाठी खास बनवलेला लॅपटॉप तयार करायचा, हे त्यांचे स्वप्न. प्रत्यक्षात किंमत त्याच्या दुपटीच्या जवळ गेली, पण यंत्र तयार झाले. हिरव्या-पांढऱ्या रंगाचे, हाताळायला दणकट, कॅमेरा असलेले आणि उन्हातही पडदा वाचता येईल असे ते यंत्र होते.

भारत सरकारने २००६ साली ही योजना नाकारली. मुलांच्या हाती यंत्रे देण्याआधी वर्ग आणि शिक्षक हवेत, असा सरकारी बाजूचा सूर होता. तरीही २००७ साली सरकारी योजनेबाहेर या लॅपटॉपचा भारतातील पहिला प्रयोग सुरू झाला, तो कर्जत तालुक्यातील खैराट या छोट्या वाडीत. एकशिक्षकी शाळा, पहिली ते चौथीची मुले एकाच खोलीत, आईबाप कष्टकरी. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील मंडळींचा त्यात सहभाग होता. ज्या घरांत दुसरे कोणतेच महागडे यंत्र नव्हते, त्या घरांतील मुले लॅपटॉपवर लिहू लागली, चित्रे काढू लागली, आपल्या वाडीचे फोटो टिपू लागली.

यातून एक गोष्ट पक्की झाली. गरिबाच्या मुलाला यंत्राची भीती वाटत नाही. 'यांना काय जमणार' हा समज वरच्यांच्या मनातला आहे. मुलाच्या बोटांना तो माहीतच नाही.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. भारतात ही योजना शासनाच्या पातळीवर मूळ धरू शकली नाही. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने मात्र असे लॅपटॉप लाखोंच्या संख्येने वाटले. २०१२ साली तेथील ३१९ ग्रामीण शाळांच्या पाहणीचा निष्कर्ष बाहेर आला. लॅपटॉप मिळालेल्या मुलांच्या गणितात आणि भाषेत, न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत, फरक दिसला नाही. यंत्रे पोहोचली, पण ती वर्गातील रोजच्या शिकण्याशी कशी जोडायची, याची पुरेशी तयारी शिक्षकांकडून करून घेतली गेली नव्हती. शेजारच्या खंडातच नव्हे, त्याच खंडातील उरुग्वे या छोट्या देशाने त्याच सुमारास तोच लॅपटॉप घेतला. पण त्याबरोबर शाळाशाळांत इंटरनेट नेले, शिक्षकांना तयार केले, दुरुस्तीची सोय केली. तेथील योजना टिकली आणि वाढली.

मी पेशाने कारकून. वाणिज्य शाखेत शिकलो. त्यामुळे माझी नजर आधी हिशोबाकडे जाते. यंत्र विकत घेणे हा एकदाच होणारा खर्च आहे. लाइट, दुरुस्ती आणि शिक्षकाची तयारी हा दरवर्षीचा खर्च आहे. पहिल्या खर्चाचे उद्घाटन होते, फोटो छापून येतो. दुसऱ्या खर्चाचा फोटो कोणी काढत नाही. शाळेतले यंत्र मरते ते या दुसऱ्या खर्चाअभावी.

परितेवाडीचे गुरुजी

सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे गाव आहे. २००९ साली रणजितसिंह डिसले हे शिक्षक तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत रुजू झाले. शाळेची इमारत मोडकळीस आलेली, एका बाजूला गुरांचा गोठा, दुसऱ्या बाजूला कोठार. मुलींना शाळेत पाठवण्याबद्दल गावात उदासीनता.

डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाच्या पानापानावर क्यूआर कोड चिकटवायला सुरुवात केली. क्यूआर कोड म्हणजे भाजीवाल्याच्या गाडीवर पैसे भरण्यासाठी लावलेला काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन. तोच चौकोन पुस्तकातील धड्याशेजारी. मोबाईल त्यावर धरला की कवितेची चाल ऐकू येते, धड्याचा व्हिडिओ दिसतो, स्वाध्याय मिळतो. ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही, तिलाही घरी बसून मुलाबरोबर कविता ऐकता येते. ही कल्पना पुढे राज्याने उचलली आणि २०१७ साली राज्याच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचा निर्णय झाला. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा जागतिक पुरस्कार जाहीर झाला. रक्कम १० लाख डॉलर. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली.

पुरस्काराची बातमी सगळीकडे गाजली. पण आपण लक्षात ठेवायची गोष्ट वेगळी आहे. येथे मुख्य साधन होते ते रोजचे पाठ्यपुस्तक, जे जिल्हा परिषदेच्या शाळेत फुकट मिळते. त्यात भर पडली ती घरात असलेल्याच मोबाईलची. नवे असे होते ते शिक्षकाचे डोके आणि चिकाटी. आणि हे घडले ते शहरातील भरमसाट फीच्या शाळेत नव्हे, तर वाडीवरच्या मराठी शाळेत. जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे कमी प्रतीची शाळा, असे म्हणून नाक मुरडणाऱ्या आपल्याच नोकरदार बांधवांनी यावर विचार करावा.

काडेपेटी आणि सायकलची रबरी नळी

आता यंत्र नसलेल्या प्रयोगाकडे वळू. अरविंद गुप्ता हे कानपूर आयआयटीतून शिकलेले इंजिनिअर. पुण्यात टेल्कोत नोकरी करत असताना १९७८ साली रजा काढून ते मध्य प्रदेशातील होशंगाबादला गेले. तेथे खेड्यातील शाळांमधून मुलांना प्रयोग करून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम चालू होता. आठवडी बाजारात मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंतून त्यांनी शिकण्याची साधने शोधली. सायकलच्या व्हॉल्व्हमध्ये वापरतात ती बारीक रबरी नळी आणि काडेपेटीच्या काड्या. नळीचा छोटा तुकडा कापायचा, त्याच्या दोन टोकांत दोन काड्या खोचायच्या. सांधा तयार. तीन काड्यांचा त्रिकोण करा. दाबा. तो हलत नाही. चार काड्यांचा चौकोन करा. दाबा. तो लगेच तिरका होतो.

पालकहो, यात गंमत आहे आणि शास्त्रही आहे. विजेच्या मनोऱ्यात, लोखंडी पुलात, पत्र्याच्या शेडच्या कैचीत सगळीकडे त्रिकोण का दिसतात, याचे उत्तर त्या तीन काड्यांत आहे. वेल्डिंगचे काम करणाऱ्या बापाला ते हाताने ठाऊक असते. त्याच्या मुलाला ते भूमिती म्हणून कळते. बापाची कारागिरी आणि मुलाचे पुस्तक यांची अशी गाठ पडली की मुलाला बापाच्या कामाची लाज वाटत नाही. गुप्ता यांनी पुढे पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केले. टाकाऊ वस्तूंपासून बनवलेल्या त्यांच्या खेळण्यांची माहिती आणि पुस्तके त्यांनी सर्वांसाठी मोफत खुली केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनीही अशीच वाट दाखवली. खडे, बिया, काड्या, शब्दपट्ट्या, फरशीवर आखलेले तक्ते यांच्या मदतीने पहिली-दुसरीची मुले स्वतः वाचायला आणि हिशोब करायला शिकतात, हे पाहायला राज्यभरातून शिक्षक तेथे गेले. २०१५ साली शासनाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू केला, त्या काळात कुमठ्याचे नाव घराघरात नसले तरी शाळाशाळांत पोहोचले होते.

विकतचा प्रोजेक्ट

'प्रोजेक्ट' या शब्दाने मात्र आज अनेक घरांत धसका घेतला आहे. संध्याकाळी पोर येऊन सांगते, 'उद्या प्रोजेक्ट द्यायचाय.' आई कामावरून दमून आलेली. मग स्टेशनरीच्या दुकानात धाव. छापील चित्रांचा तक्ता, चकचकीत कागद, तयार मॉडेल. शंभर-दोनशे रुपये जातात. रात्री मोठी बहीण चित्रे कापून चिकटवते. सकाळी पोर ते घेऊन शाळेत जाते. त्यातून पोर काय शिकले? 'माणसाचे शरीर' असो की 'वाहतुकीची साधने' असोत, त्याने फक्त पिशवी वाहिली.

ज्या घरात ते दोनशे रुपये नसतात, त्या घरातील मूल त्या दिवशी शाळेलाच दांडी मारते. हे अनेकांनी पाहिले आहे. मुलाला शाळेत धरून ठेवण्यासाठी असलेली गोष्टच त्याला शाळेबाहेर ढकलत असेल, तर तो प्रकल्प कसला? म्हणून प्रकल्पाची कसोटी साधी ठेवावी. पैसे किती लागले? काम कोणाच्या हाताने झाले? आणि आधी माहीत नसलेले काय कळले? पहिल्याचे उत्तर 'जवळजवळ काही नाही', दुसऱ्याचे 'मुलाच्या' आणि तिसऱ्याला एखादे तरी ठोस वाक्य असेल, तर तो प्रकल्प खरा.

आपल्या भागातील तीन प्रकल्प

पेण-रोह्याच्या कोणत्याही प्राथमिक शाळेत किंवा वस्तीतल्या अभ्यासिकेत सहज करता येतील असे तीन प्रकल्प येथे देतो. तिन्हींत मोबाईल आहे, पण तो नोकर म्हणून. मालक म्हणून नव्हे.

पहिला, पावसाचे माप. सरळ बाजूंची प्लास्टिकची मोठी बाटली घ्यावी. वरचा निमुळता भाग मोठ्यांनी कापून द्यावा आणि तो उलटा करून बाटलीतच नरसाळ्यासारखा बसवावा. तळाशी खडे टाकून, ते बुडून वर सपाट पातळी येईल इतके पाणी भरावे आणि तेथे शून्याची खूण करावी. त्यावर मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. झाडाखाली नाही, छपराखाली नाही, अशा मोकळ्या जागी ती पक्की बसवावी. रोज सकाळी ठरलेल्या वेळी मुलांनी माप पाहायचे, वहीत मांडायचे, मोबाईलवर फोटो काढायचा आणि बाटली पुन्हा शून्याच्या खुणेपर्यंत आणायची. महिन्याअखेर चौकटीच्या कागदावर आलेख काढायचा.

आता यातले गणित पाहा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी जमते. चार मीटर बाय पाच मीटर घराचे पत्रे म्हणजे २० चौरस मीटर. एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर त्या एका छपरावर १००० लिटर पाणी पडले. कोकणात असा दिवस काही दुर्मिळ नसतो. आणि याच पेण तालुक्याच्या खारेपाटातील वाशी-शिर्की भागात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी बायाबापड्यांचे हाल होत आले आहेत. चौथीतल्या मुलीने हा हिशोब स्वतः केला की ती घरी येऊन विचारणार, 'आपण छपराचे पाणी साठवत का नाही?' ज्या जिल्ह्यात पाण्यासाठी सत्याग्रह झाला, त्या जिल्ह्यातील मुलीने पाण्याचा हिशोब मांडावा, याहून योग्य गणित कोणते?

दुसरा, माती आणि प्लास्टर. पेण आणि जवळच्या हमरापूर, जोहे भागात मूर्तींचे कारखाने आहेत. आपल्या घरात मूर्ती बसत नसली तरी आपल्यातील कित्येकांच्या चुली त्या कामावर पेटतात. कारखान्यातून वाळलेल्या शाडूचा एक तुकडा आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचा तेवढ्याच वजनाचा एक तुकडा मागून आणावा. दोन पारदर्शक भांड्यांत सारखे पाणी घेऊन दोन्ही बुडवावेत. आधी प्रत्येक मुलाने आपला अंदाज वहीत लिहावा. मग तासातासाने आणि पुढे रोज, एकाच जागेवरून फोटो. शाडू थोड्या वेळात भुसभुशीत होऊन तळाला बसतो. प्लास्टर दिवसच्या दिवस तसेच राहते. असे का? प्लास्टर पाण्याशी संयोग पावून घट्ट झालेले असते, शाडू नुसता वाळलेला असतो. फोटो ओळीने लावले की मुलांनी तयार केलेला एक छोटा माहितीपटच होतो. कारखान्यात काम करणाऱ्या बापाला वर्गात बोलावून दोन्हींतले कोणते काम सोपे, कोणते नाजूक, मजुरी कशात किती, हे मुलांनी विचारावे. नदी-खाडीचे प्रदूषण आणि कामगाराची रोजीरोटी या दोन्ही बाजू मुलांना एकदम कळतील. निर्णय त्यांच्यावर लादू नये.

तिसरा, आवाजाची वही. वस्तीतील म्हाताऱ्या माणसांना प्रत्येक मुलाने पाच प्रश्न विचारायचे. तुम्ही शाळेत गेलात का? किती इयत्ता? शाळा का सुटली? पहिली मजुरी किती मिळाली? पाणी कोठून आणायचा? उत्तरे मोबाईलवर आवाजात नोंदवायची आणि नंतर ऐकून ऐकून स्वतःच्या अक्षरात लिहायची. ऐकून लिहिणे हा शुद्धलेखनाचा उत्तम अभ्यास. शिवाय आपला इतिहास आपल्याच मुलांच्या हाताने कागदावर येतो. तो लिहायला दुसरे कोणी येणार नाही. मात्र माणसाची परवानगी घेतल्याशिवाय आवाज नोंदवू नये, फोटो काढू नये आणि तो इकडेतिकडे पाठवू नये, हे मुलांना पहिल्याच दिवशी शिकवावे. तोही शिक्षणाचाच भाग आहे.

घरातला एक मोबाईल

२०२० साली मार्च महिन्यात करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाईलवर आले. आपल्या घरांत मोबाईल एक, तोही बाप कामावर घेऊन जाणार. तीन भावंडांत तो वाटून घेताना मुलींच्या वाट्याला काय आले, हे प्रत्येकाने आपल्या घरापुरते आठवून पाहावे. 'असर' या संस्थेच्या २०२४ च्या ग्रामीण भारताच्या पाहणीत १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींपैकी ८२ टक्क्यांहून अधिक जणांना स्मार्टफोन वापरता येतो असे आढळले. पण आधीच्या आठवडाभरात शिक्षणासाठी तो वापरला असे सांगणारे ५७ टक्के होते आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के. म्हणजे यंत्र चालवायला मुले शिकली. कशासाठी चालवायचे, हे शिकवायचे राहिले. ते काम प्राथमिक शाळेतच व्हायला हवे, आणि ते असल्या प्रकल्पांतूनच होते.

वर सांगितलेल्या प्रकल्पांत पाच मुलांच्या गटाला एक मोबाईल पुरतो. आज फोटो काढणारी मुलगी उद्या माप घेईल, परवा वहीत लिहील. पाळी ठरवून द्यावी आणि मुलीची पाळी मुलाने खाऊ नये याकडे लक्ष ठेवावे.

समितीत बसा, वही मागा

शेवटी कामाची गोष्ट. शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्या कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्या सदस्यांपैकी तीन-चतुर्थांश पालक असले पाहिजेत. निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. वंचित आणि दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. शाळेला मिळालेला पैसा कसा खर्च होतो यावर नजर ठेवणे आणि सरकारी शाळेचा विकास आराखडा तयार करणे ही कामे कायद्याने दिलेली आहेत.

आपण काय करतो? सभेची नोटीस आली तर 'खाडा पडेल' म्हणून जात नाही. एक खाडा पडणे आपल्याला परवडत नाही, हे खरे. मग वस्तीने आळीपाळीने जावे, पण खुर्ची रिकामी ठेवू नये. आणि गेल्यावर नुसती सही करून येऊ नये. पुढील गोष्टी नम्रपणे, पण ठामपणे विचाराव्यात.

१) शाळेत संगणक, टॅब, प्रोजेक्टर किती? चालू किती? साठा नोंदवही दाखवा.

२) विजेचे बिल भरलेले आहे काय? थकले असेल तर कशामुळे?

३) माझ्या मुलाचा आठवड्यात किती वेळ संगणकाला हात लागतो? की फक्त समोर बसून पाहतो?

४) या सत्रात मुलांनी स्वतः केलेला एखादा प्रकल्प आम्हाला मुलांच्याच तोंडून ऐकता येईल काय?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पालकसभेत एखादी तिसरीतली मुलगी उभी राहून 'आम्ही पाऊस मोजला, जुलैत इतका झाला, हा आलेख' असे सांगते, तेव्हा शिक्षकाचाही हुरूप वाढतो. अशा मेहनती शिक्षकाच्या पाठीशी वस्तीने उभे राहिले पाहिजे. तक्रार करायला आपण शाळेत जातो, तसे शाबासकी द्यायलाही जावे. कोणी सुतार असेल तर फळी ठोकून द्यावी. कोणी वायरमन असेल तर बिघडलेला प्लग बदलून द्यावा. नांगर आणि वाकस धरायला न लाजणारा शिक्षक जोतीरावांनी मागितला. तो मिळाला तर त्याच्या शेजारी उभा राहणारा पालकही हवा.

उद्या संध्याकाळी मूल घरी आले की 'आज काय शिकवले?' असे विचारू नका. त्याला विचारा, 'आज तू काय केलेस? काय मोजलेस? काय शोधलेस?' उत्तर आले नाही, तर रागावू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. आठवडाभर उत्तर आले नाही, तर मुलाला घेऊन शाळेत जा. हेच प्रश्न शाळेला विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.